पाटावरच्या डिस्कचे श्रेय

चाकणच्या बाजारात झेंडूचे ढीग लागू लागले, की आमच्या शेडची गोष्ट मला दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावी लागते. फुलांचा तो उग्र, किंचित कडवट वास आणि ती चुकीची गोष्ट, दोन्ही एकाच सुमारास येतात. गेल्या आठवड्यात पिंपळे सौदागरला एका स्नेह्याच्या एकसष्टीला गेलो होतो. शेजारी जेवायला बसलेले गृहस्थ ती गोष्ट मलाच सांगू लागले. चाकणमधल्या एका छोट्या कारखान्याचे सगळे कॉम्प्युटर चोरांनी कुठूनतरी बसल्या जागी बंद पाडले, पण एका हुशार मुलीने सगळे वाचवले, असे सांगून झाल्यावर त्यांनी पुस्ती जोडली, "मालकाचा म्हातारा बाप मात्र काही कळत नसताना मध्ये मध्ये करत होता म्हणे."

"तुम्ही होता तिथे?" मी विचारले.

"छे हो. पण खात्रीच्या माणसाकडून ऐकलंय."

"तो म्हातारा बाप मीच."

त्यानंतर त्यांनी जिलेबी घेतली नाही.

ही गोष्ट इतक्या तोंडांतून फिरली आहे, की तिच्यातला मी प्रत्येक वेळी थोडा थोडा झिजत गेलो. पहिल्या वर्षी मी तिच्यात पूजा मांडणारा होतो. पुढे बघ्या झालो. आता नुसता अडथळा उरलो आहे. म्हणून हे लिहितो आहे. याला कोणी तक्रार म्हणू नये. ही दुरुस्ती आहे, आणि आयुष्यभर मी दुसरे काही केले नाही. बिघडलेला जॉब हातात घ्यायचा, मोजायचा, चूक कुठे झाली त्यावर बोट ठेवायचे आणि तो पुन्हा मशीनवर चढवायचा.

माझ्या घरात असे म्हटले जाते, की मी मत्सरापोटी बोलतो. ते खरे आहे. पण मत्सरापोटी बोललेले सगळेच खोटे असते, हे कोणी सिद्ध केले? उलट ज्याच्या मनात मत्सर आहे त्याची नजर आपल्या हातून गेलेल्या वस्तूवरून क्षणभर ढळत नाही. साक्षीदार म्हणून त्याच्याइतका जागरूक माणूस मिळणार नाही.

आश्विनातले ऊन आमच्याकडे पत्र्यावरून उतरते. पावसाळाभर गंजाचा वास धरून बसलेली शेड त्या दिवसांत आतून तापते आणि तेलाचा, रॉकेलाचा, मशिनी पुसायच्या ओल्या वेस्टचा असा एक संमिश्र दर्प सुटतो, जो मला कोणत्याही उदबत्तीहून पवित्र वाटत आला. खंडेनवमीच्या आधी मशिनी धुतल्या जातात. खालचा लोखंडाचा कीस खरवडून काढायचा, दुधासारखे पांढरे कूलंट बदलायचे, लेथच्या बेडवरून रॉकेलचा बोळा फिरवायचा. वर्षभर किंचाळणाऱ्या मशिनी गप्प होतात, आणि त्या शांततेत माणसांचे आवाज अचानक मोठे वाटू लागतात. सगळेच मग हळू बोलतात. कोणी काही न सांगता.

आमच्या शेडचा एक रिवाज आहे आणि तो मी घातलेला आहे. शेडमध्ये ज्याचा हात लागतो, त्या प्रत्येकाचे एक हत्यार त्या दिवशी पाटावर आले पाहिजे. ऑपरेटरचा पाना येतो, तपासणीचे व्हर्निअर येते, वॉचमनची शिट्टी येते, झाडलोट करणाऱ्या बाईंचा खराटा येतो. सगळ्यांना एकच हळद, एकच कुंकू. एकदा वस्तू पाटावर गेली, की दसरा होऊन उत्तरपूजा होईपर्यंत तिला कोणी शिवायचे नाही. मालकानेही नाही. भोसरीला भाड्याच्या गाळ्यात एक जुना लेथ घेऊन बसलो होतो, तेव्हापासून हे चालत आले आहे, आणि एकदाही मोडलेले नाही.

त्या वर्षी श्रावणात वैशाली आमच्याकडे येऊ लागली. वैशाली कांबळे, दापोडीची. वडील एका मोठ्या कंपनीत फिटर होते. तिने स्वतः हिंजवडीत काही वर्षे नोकरी केली, ती सोडली, आणि छोट्या शेडच्या कॉम्प्युटरांची राखण करण्याचा धंदा काढला. माझा मुलगा संदीप कारभार पाहतो. त्याने तिला बोलावले. मी विरोध केला असे सांगितले जाते. साफ चूक. शेडमधला पहिला कॉम्प्युटर मी आणलेला आहे. मी एवढेच विचारले होते, की राखण करायची म्हणजे नक्की कोणापासून.

हा प्रश्न आजही लोक विचारतात. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत नुसती पाळत ठेवायला पगारी माणसे बसलेली असतात. आमच्याकडे एक वॉचमन, एक कुत्रा आणि तीन कुलपे. कुलपे सगळी दाराला. पण माल बनवायचा तो ड्रॉइंगवरून, मशीन चालायचे ते प्रोग्रामवर, आणि ही दोन्ही एका कॉम्प्युटरच्या पोटात. पत्रा उचकटून कोणी मशीन नेणार नाही हे आम्ही पाहत होतो. मशीनची अक्कल कोणी नेईल, हे आमच्या ध्यानात नव्हते.

पहिल्याच दिवशी तिने शेडभर फिरून विचारले, सकाळी कोण उघडते, संध्याकाळी कोण बंद करते, कोण रजेवर असताना कोणाचे काम कोण करतो. हे प्रश्न माझे होते. इतकी वर्षे मी ते विचारत आलो होतो, आणि लोक कंटाळून उत्तरे देत. तिला मात्र उभे राहून उत्तरे देत होते. मग तिने संदीपला पासवर्ड विचारला. संदीप तिच्याजवळ जाऊन हळूच सांगणार, तेवढ्यात पलीकडच्या लेथवरून आमच्या दत्तोबाने ओरडून सांगितले, "ताई, कंपनीचं नाव आन् म्होरं एक-दोन-तीन!"

दाराशी माल उतरवणारा टेम्पोवाला म्हणाला, "आमच्या शेठचा पण तसाच हाय."

ती हसली नाही. "काका, आता तुमच्या दोघांचेही बदलावे लागतील," एवढेच म्हणाली, आणि सगळी शेड हसली.

दत्तोबा म्हणजे खेडच्या बाजूचा, शेतकऱ्याच्या घरचा, माझ्यापेक्षा थोडा लहान. भोसरीच्या गाळ्यापासून माझ्याबरोबर. त्याने मला न विचारता कधी हत्याराला धार लावली नाही, आणि मुलीचे स्थळही मला विचारून ठरवले. चहाच्या सुट्टीत तो माझ्या खुर्चीपाशी येऊन उभा राहायचा आणि "आप्पा, एक इचारायचं हुतं" अशी सुरुवात करायचा. गौरी-गणपती उलटेपर्यंत असे झाले, की चहाच्या सुट्टीत तो माझ्या खुर्चीवरून पुढे जाऊन वैशालीच्या टेबलापाशी उभा राहू लागला. हातात मोबाइल.

"ताई, लग्नपत्रिका आलीय. दाबू का?"

"कोणाचं लग्न आहे, काका?"

"ते दाबल्याबिगर कसं कळंल?"

"नंबर ओळखीचा आहे का?"

"न्हाई."

"मग अनोळखी माणसाच्या लग्नाला कशाला जाताय? जेवायला?"

शेड पुन्हा हसली. दत्तोबा सगळ्यात मोठ्याने हसला. पत्रिकेच्या नावाने फोनमध्ये चोर शिरतो, हे तिने त्याला मग नीट समजावले, आणि त्याने ते ऐकले. मान हलवत, माझे ऐकायचा तसे. मी खुर्चीत बसून चहा पीत होतो. त्या चहाची चव मला अजून आठवते, कारण तो थंड झालेला होता आणि मी तो तसाच संपवला.

माणसाला तरुणपणी दुसऱ्याजवळ असलेल्या गोष्टींचा हेवा वाटतो: गाडीचा, प्लॉटचा, मोठ्या ऑर्डरचा. तो हेवा मी भरपूर अनुभवला आणि त्याच्या जोरावर दोन मशिनी जास्त घेतल्या. म्हातारपणीचा मत्सर निराळा असतो. तेव्हा माणसाला दुसऱ्याचे काहीच नको असते. त्याला आपल्याकडे येणारा प्रश्न दुसऱ्याच्या दारात गेलेला बघवत नाही. मला विचारायला येणारे लोक हीच माझी मिळकत होती, आणि ती मुलगी ती बसल्या जागी, एक शब्द वावगा न बोलता, घेऊन गेली.

आता त्या खंडेनवमीकडे येतो.

पूजा मांडली होती. संदीपच्या मनात आले, की बंद कॉम्प्युटरची काळी काच पुजणे बरे दिसत नाही. म्हणून त्याने पडद्यावर देवीचे चित्र लावले, कडेने झेंडूची माळ सोडली आणि कॉम्प्युटर सुरूच ठेवला. लेथ पुजताना कोणी तो फिरता ठेवत नाही; पण ही अक्कल त्या वेळी मलाही सुचली नाही, आणि पूजा झाली की तो बंद होईल असे वैशालीने धरले. ती दाराशी उभी होती. बाहेरच्या माणसासारखी. सगळ्यांची हत्यारे पाटावर आली तेव्हा मी तिला हाक मारली.

माझे शब्द काय होते, यावर वाद आहे. संदीप म्हणतो मी टोमणा मारला. मी म्हणालो होतो, "तूही इथे हात लावतेस ना? मग तुझं हत्यार कुठे आहे?" यात टोमणा कुठे आहे? हा प्रश्न मी शेडमधल्या प्रत्येकाला त्याच्या पहिल्या नवमीला विचारलेला आहे. आवाज चढला असेल. माझा आवाज चढलेलाच असतो.

ती आत आली. क्षणभर विचार करून तिने टेबलामागची हार्ड डिस्क काढली. या डिस्कमध्ये सगळ्या ड्रॉइंगची आणि प्रोग्रामची दुसरी प्रत रोज आपोआप उतरत असे. "आजची कॉपी सकाळीच झालीय," ती म्हणाली, आणि डिस्क व्हर्निअरशेजारी ठेवली. हात जोडले नाहीत. बाजूला होताना मला म्हणाली, "आमच्या घरी हे करत नाहीत, आप्पा. पण माझे वडील पान्याला कधी पाय लागू देत नसत."

मी डिस्कला हळद-कुंकू लावले. हे माझ्या हाताने.

त्या वर्षी दसरा बुधवारी होता आणि गुरुवारी आमच्या औद्योगिक पट्ट्याची नेहमीची सुट्टी. शेडमध्ये कोणी नव्हते. फक्त तो कॉम्प्युटर जागा होता. घरून ऑफिसची फाइल बघता यावी म्हणून संदीपने एक वाट करून ठेवली होती, आणि तिचा पासवर्ड बदलायचा राहून गेला होता. कंपनीचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन.

शुक्रवारी सकाळी शटर वर गेले. दत्तोबा आत गेला आणि लगेच बाहेर आला. त्याचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता.

"आप्पा," तो म्हणाला, "देवी गेली."

पडद्यावर देवीच्या जागी काळोख होता आणि त्यावर इंग्रजीत खंडणीची मागणी. ड्रॉइंगची नावे ओळखू न येणारी झाली होती, एकही उघडेना. झेंडूची माळ अजून कडेला होती. मशिनी धुतलेल्या, पुसलेल्या, कपाळी कुंकू लावलेल्या उभ्या होत्या, आणि त्यांना काय करायचे ते सांगणारे काही उरले नव्हते. इतक्या स्वच्छ आणि इतक्या निरुपयोगी मशिनी मी जन्मात पाहिल्या नाहीत.

संदीपने टेबलामागे हात घातला. डिस्क नाही. मग त्याला पाट आठवला. तो धावत आला आणि डिस्क उचलायला वाकला. मी त्याचे मनगट धरले.

"उत्तरपूजा झाली नाही."

"आप्पा, हात सोडा! सगळं गेलंय, दिसत नाही का? ती लावली की मिळेल सगळं!"

"लाव. आधी अक्षता पडू देत."

"आप्पा, प्लीज! ही वेळ आहे का?"

"हीच वेळ आहे."

आम्ही बापलेक तसे उभे राहिलो. माणसे बघत होती. लोक "मध्ये मध्ये करत होता" म्हणतात ते हेच. संदीप तिशी ओलांडलेला, माझ्या पकडीत काही फार जोर नव्हता, त्याने झटका दिला असता तर मी पडलो असतो. त्याने झटका दिला नाही, हे मी त्याच्या बाजूने नमूद करतो. तेवढ्यात वैशालीची स्कूटर दारात आली; ती शेडकडेच निघाली होती आणि वाटेत दत्तोबाने तिला फोनवर कळवले होते. हेल्मेट न काढताच ती आत आली आणि ओरडली, "डिस्क लावली का? कोणी डिस्क लावली का?"

"नाही," मी म्हणालो.

ती तिथेच पायरीवर बसली. मग हेल्मेट काढून म्हणाली, "लावली असती तर तीही गेली असती. व्हायरस अजून कॉम्प्युटरमध्येच बसलाय."

झाले ते एवढे. पुढे तिने तारा काढल्या, कॉम्प्युटर पुसून पुन्हा उभा केला, पोलिसांकडे तक्रार कशी करायची ते संदीपला सांगितले, आणि सगळे स्वच्छ झाल्याची खात्री पटल्यावरच डिस्क जोडली. पहिले ड्रॉइंग उघडले तेव्हा डिस्कच्या फटीतून कुंकू सांडत होते. खंडणी दिली नाही. आम्ही दिली असे शेजारचे शेडवाले सांगतात. त्यांनी आपल्या अनुभवावरून आमच्याविषयी बोलू नये.

आता श्रेय कोणाचे?

दत्तोबाची आवृत्ती अशी, की देवीनेच राखले. मी त्याला म्हटले, "अरे, डिस्क जिने ठेवली तिने हातसुद्धा जोडले नव्हते. मग तिचीच वस्तू देवीने कशी राखली?"

दत्तोबा बिडी विझवत म्हणाला, "देवी हात बगत न्हाई, आप्पा. काम बगती."

 तेव्हा माझ्या लक्षात आले, की या हिशेबातही मी कुठेच नाही. देवी एका टोकाला, वैशाली दुसऱ्या टोकाला, दोघींत परस्पर समझोता.

संदीपची आवृत्ती अधिक गुळगुळीत आहे. ती मी यंदा भाद्रपदात, लघुउद्योजकांच्या मेळाव्यात, चिंचवडच्या एका सभागृहात, दुसऱ्या रांगेत बसून ऐकली. "आमच्याकडे बॅकअप नेहमी कॉम्प्युटरपासून वेगळा ठेवण्याचं धोरण होतं," तो माइकवर म्हणाला. धोरण! वैशाली डिस्क काढून ठेवा म्हणून श्रावणभर सांगत होती आणि "रोज कोण काढणार, कोण लावणार" म्हणून हाच ती तशीच लावून ठेवत होता. तिने सांगितले होते हे मी मान्य करतो. सांगणे वेगळे आणि होणे वेगळे. टाळ्या झाल्या. वैशालीच्या खांद्यावर शाल घातली गेली, हातात श्रीफळ दिले गेले. ती एक शब्द बोलली नाही. ती शाल साधीच होती, तिच्यापेक्षा चांगल्या शाली माझ्या कपाटात आहेत. तरी ती घडी घालून तिने मांडीवर ठेवेपर्यंत माझी नजर तिच्यावरून निघाली नाही.

परतताना गाडीत मी म्हणालो, "तू खोटं बोललास."

"मग काय सांगू? माझ्या वडिलांनी डिस्कला कुंकू लावलं म्हणून वाचलो?"

"तेच सांग."

"लोक हसतील, आप्पा."

"हसू देत. तुझ्या धोरणाला टाळ्या मिळण्यापेक्षा माझ्या खरेपणाला हसू मिळालं तरी चालेल."

"तुम्हाला माहीत होतं का, ती लावली असती तर गेली असती? नव्हतं ना माहीत?"

नाशिक फाट्याच्या गर्दीत गाडी थांबलेली असताना त्याने नेमके वर्मावर बोट ठेवले. मला माहीत नव्हते. मी डिस्क वाचवायला हात धरला नव्हता. रिवाज मोडू नये म्हणून धरला होता. पण ज्याला कारण माहीत असते त्याचेच कर्तृत्व, आणि ज्याचा हात असतो त्याचे काहीच नाही? वैशालीला कारण माहीत होते, पण ती दापोडीहून निघून वाटेत होती. माझ्याकडे कारण नव्हते. मनगट मात्र होते. मला या प्रश्नाचा निकाल लावता आलेला नाही. दुसऱ्यांनी तो इतक्या सहज लावला, हे मला मंजूर नाही.

घरी हे सगळे मी बायकोला ऐकवले. ती भाजी निवडत होती. "अहो, तुम्हाला शाल हवी होती का?" तिने विचारले. मी नाही म्हणालो. "मग काय हवं होतं?" या प्रश्नावर मी रागावून उठलो, कारण उत्तर तिला ठाऊक होते.

वैशालीला मात्र मी तोंडावर विचारले. पुढच्या आठवड्यात ती शेडवर आली होती.

"तिथे गप्प का बसलीस?"

"माझ्यासमोर माझा क्लायंट बोलत होता, आप्पा. त्याला चारचौघांत खोटं पाडू?"

"खोटं होतं ना?"

"होतं." तिने सरळ सांगितले. मग म्हणाली, "तुम्ही हाक मारली नसती तर मी दारातच उभी राहिले असते. ते मला आठवतं."

एवढ्याने माझे समाधान व्हायला हवे होते. झाले नाही. बंद खोलीत दिलेली साक्ष कागदावर येत नाही.

त्याच दिवशी तिने सगळ्यांना जमवले. त्या प्रसंगानंतर आमच्याकडे नियम झाला होता, की बदललेले काहीही आले, म्हणजे नवा बँक खाते क्रमांक, सुधारित ड्रॉइंग, अनोळखी फाइल, तर आधी ताईला फोन करून विचारायचे. इतकी वर्षे सगळी शेड तिलाच विचारत होती. आता तिच्याकडे खूप शेड झाल्या होत्या, प्रत्येक फोन घेणे तिला जमेना. "इथलाच एक माणूस पाहिजे," ती म्हणाली. "त्याने एकच करायचं. ज्याच्या नावाने मेल आलाय त्याला, आपल्याकडे आधीपासून असलेल्या जुन्या नंबरवर फोन लावायचा आणि विचारायचं, हे तुम्हीच पाठवलं का. उत्तर मिळेपर्यंत कोणालाही उघडू द्यायचं नाही. मालकालाही नाही."

"मी बघतो ते," संदीप म्हणाला.

"तुम्ही नको, सर. तुम्हाला नेहमी घाई असते. आप्पा करतील."

"आप्पा? अहो, त्यांना कॉम्प्युटरमधलं—"

"कॉम्प्युटर कळायची गरज नाही. संशय घेता आला पाहिजे."

शेड इतकी हसली, की कुत्रे उठून बाहेर गेले. दत्तोबा डोळे पुसत म्हणाला, "मग तर आप्पाच! ह्यांनी लग्नात मला इचारलं हुतं, नवरी खरंच तुझीच हाय का म्हणून!"

मीही हसलो. पण मनात हिशेब मांडत होतो. लोकांनी मला येऊन विचारावे, हे माझे स्थान होते. ते मी लोखंड घासून मिळवले होते. आता ते मला परत मिळत होते, आणि ते देण्याचा अधिकार तिच्याकडे होता. माझीच वस्तू कोणी मला भेट द्यावी आणि मी ती दोन्ही हातांनी घ्यावी, याहून मोठा मत्सर मला माहीत नाही.

सगळे पांगल्यावर मी तिला विचारले, "ही भरपाई आहे का? मेळाव्यातल्या गप्प बसण्याची?"

"भरपाई करायला मी काय विमा कंपनी आहे?" ती बॅग भरत म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी स्वतःच्या मुलाचा हात धरलात, आप्पा. कारण माहीत नसताना. मला असाच माणूस हवाय. कारण माहीत असलेले खूप आहेत, ते सगळे घाईत असतात."

मी ते काम घेतले. नाही म्हणण्याइतका मी मोठा नाही.

आणि परवा पहिली कसोटी आली. आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाकडून मेल आला: सुधारित ड्रॉइंग सोबत आहे, जुने रद्द करा, दसऱ्याआधी माल हवा. संदीप खुर्चीच्या टोकावर. मशीन थांबलेले, ऑपरेटर हाताची घडी घालून उभा, टेम्पो दाराशी. मी माझ्या फोनमधला जुना नंबर लावला. त्यांचे खरेदीचे साहेब मीटिंगमध्ये होते. पुन्हा लावला. मीटिंगमध्येच. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न दिला. संदीप म्हणाला, "आप्पा, त्यांचाच पत्ता आहे मेलवर. दिसतंय ना. उघडतो."

"नाही."

"डिस्पॅच चुकला तर?"

"चुकू दे."

"जबाबदारी कोणाची?"

"माझी. सगळ्यांना सांग, म्हाताऱ्याने अडवलं. तसंही सांगताच."

शेवटी साहेबांनी फोन घेतला. "हो हो, आप्पा, मीच पाठवलंय. का बरं?"

मेल खरा होता. ड्रॉइंग खरे होते. दुपार वाया गेली होती, टेम्पो रिकामा परत गेला होता, आणि माल दुसऱ्या दिवशी पाठवावा लागला. "झालं समाधान?" एवढे म्हणून संदीप निघून गेला. दत्तोबा लेथमागून म्हणाला, "आप्पा, समद्या जगावर संशय घिऊन दमला न्हाईत व्हय?" या वेळी कोणी हसले नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होते. चोर पकडला असता तर निदान गोष्ट झाली असती. खऱ्या माणसाला खरे ठरवण्यात कसले आले कर्तृत्व? मी खुर्चीत बसलो होतो, आणि त्या क्षणी मला स्वच्छ दिसले, की ही आवृत्तीही लवकरच गावभर होणार आणि ती मला दुरुस्त करता येणार नाही, कारण ती खरी आहे.

तेवढ्यात फोन वाजला. वैशाली. संदीपने तिच्याकडे तक्रार केली असणार.

"उत्तर मिळेपर्यंत उघडू दिलं नाहीत ना?" तिने विचारले.

"नाही."

"बरोबर केलंत, आप्पा. एकदम बरोबर."

"मेल खरा निघाला."

"ते नंतर कळलं. तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं."

तिने फोन ठेवला. मी तो कानाला तसाच धरून बसलो. माझ्या मुलीच्या वयाच्या बाईने मला शाबासकी द्यावी, मी ती घ्यावी, आणि ती मला इतकी गोड लागावी, याबद्दल मी तिला सहजासहजी माफ करणार नाही. दुसऱ्या कोणी दिली असती तर इतकी लागली नसती, हे तर आणखीच असह्य आहे.

कालही एक फाइल आली. मी जुना नंबर लावला, विचारले, खात्री केली, उघडा म्हणालो. मग फोन खिशात ठेवायला गेलो आणि ठेवला नाही. तो मी टेबलावर, समोर, पडदा वर करून ठेवला, आणि चहा येईपर्यंत तो वाजतो का ते पाहत बसलो.